पोरगा ऐकत नाही म्हणून पेपरात नोटीस देताय? आधी हे वाचा

गणपतीत चुलतभाऊ पडवीत येऊन बसला, हातात वहीचा फाडलेला कागद. त्यावर लिहिलेलं, माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही. पोरगा सोळाचा, दहावीत दोन विषय राहिले, रात्री बारापर्यंत जेटीवर, कपाटातले पैसे जातायत. दादा म्हणाला छापून टाकतो, एकदाचा सुटतो. मी म्हटलं दादा, असं सुटता येत नाही रे.

मूल १८ पूर्ण होईपर्यंत त्याचं खाणंपिणं, राहणं, शिक्षण, औषधपाणी आईबापाकडेच, ते नोटीस छापून जात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १४ च्या पुढचं मूल कोर्टात जाऊन आईबापापासून मोकळं होऊ शकतं, पण त्यालाही वेगळं राहतो, स्वतःच्या पैशावर भागवतो हे दाखवावं लागतं. आपल्याकडे ती सोयच नाही, ना पोराला ना बापाला.

रागात घराबाहेर काढून कडी लावू नका, काठीने बडवूही नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मारहाण, टाकून देणं, मुद्दाम हयगय यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि गाडीची चावी आजच उचलून ठेवा, खरंच सांगते, आपल्या घाटातल्या वळणांवर ही पोरं तिघंतिघं बसून जातात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

टपरीवर, मोबाईलवाल्याकडे उधारी करून ठेवली असेल तर घाबरून लगेच भरू नका, अल्पवयीनाचा करार कायद्यात टिकत नाही आणि तुम्ही जामीन राहिला नसाल तर ती आपोआप तुमच्या अंगावर येत नाही.

पळून गेला तर त्याच रात्री पोलीस ठाणं गाठा. २४ तास थांबा म्हणाले तरी परत फिरू नका, अल्पवयीन हरवला की अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय.

हाताबाहेर गेलंय असं वाटलं की १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, फुकट आहे. तिथून जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपर्यंत जाता येतं, समुपदेशन मिळतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायका आणि मुलांना तिथे मोफत मदत आहे, म्हणून अर्ज आईच्या नावाने करा. नशा किंवा मनाचं काही वाटत असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. लोक काय म्हणतील म्हणून हे फोन टाळू नका, वाडीत सगळ्यांना आधीच माहीत असतं.

दादाला हेही सांगितलं, पोरगा १८ चा झाल्यावर तू कमावलेल्या घरातून त्याला जा म्हणू शकशील, पण वाडवडिलांच्या कलमांच्या बागेतला त्याचा हिस्सा अशा नोटिशीने तेव्हाही जाणार नाही.