होम सेक्रेटरी म्हणजे सचिव नव्हे

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांचा पहिला गोंधळ नावांचा होतो. आपल्याकडे सचिव म्हणजे आयएएस अधिकारी. इथे ‘होम सेक्रेटरी’ म्हणजे चक्क गृहमंत्री. ज्याच्या पदात ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ आहे तो खात्याचा कॅबिनेट मंत्री, आणि आपण ज्याला सचिव म्हणतो तो ‘पर्मनंट सेक्रेटरी’. ‘चॅन्सलर’ ऐकून विद्यापीठाचे कुलपती डोळ्यांसमोर येतील, पण बातम्यांतला चॅन्सलर म्हणजे अर्थमंत्री. ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’ मात्र आपल्या राज्यमंत्र्यासारखाच, कॅबिनेटच्या एक पायरी खाली. एवढं पक्कं झालं की रात्रीच्या बातम्या निम्म्या समजायला लागतात.

बाकी चौकट ओळखीची वाटेल, आपण ती बरीचशी इथूनच घेतली. ६५० जणांच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ज्याच्या पाठीशी बहुमत, त्याला राजा सरकार बनवायला बोलावतो. पंतप्रधान थेट लोकांनी निवडलेला नसतो. म्हणून २०२२ मध्ये जॉन्सन, ट्रस, सुनक असे तीन पंतप्रधान झाले, पण सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. मंत्री संसदेतलाच असावा अशी प्रथा आहे. बाहेरचा माणूस हवा असेल तर त्याला लॉर्ड करून वरच्या सभागृहात बसवतात. २०२३ मध्ये डेव्हिड कॅमेरन असेच परराष्ट्रमंत्री झाले.

कॅबिनेटची बैठक बहुधा मंगळवारी सकाळी १० डाउनिंग स्ट्रीटला होते. आत कितीही खडाजंगी होवो, बाहेर आल्यावर सगळ्यांनी एकच बोलायचं. ज्याला पटत नाही त्याने राजीनामा द्यायचा. इराक युद्धावरून मंत्री रॉबिन कुक यांनी मार्च २००३ मध्ये तो दिला आणि मागच्या बाकावर उभं राहून सभागृहाला कारण सांगितलं. जुलै २०२२ मध्ये काही दिवसांतच पन्नासहून अधिक जणांनी सरकारमधली पदं सोडली, तेव्हा खुद्द पंतप्रधान जॉन्सन यांनाच पायउतार व्हावं लागलं.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा इथे नाही. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने व्हिप मोडला तर पक्ष त्याला बाहेर काढू शकतो, पण खासदारकी जात नाही. त्यामुळे मंत्र्याला समोरच्या विरोधकांइतकाच पाठीमागच्या बाकांवरच्या आपल्याच पक्षाच्या खासदारांचा धाक असतो, आणि खासदाराच्या पत्राला म्हणूनच वजन असतं.

मला हे उशिरा कळलं. माझ्या नवऱ्याची कागदपत्रं एका खात्यात सात महिने अडकली होती. मी थेट मंत्र्यांना दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा छापील पोच आली. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘खासदाराच्या सर्जरीला जा.’ सर्जरी म्हणजे इथे दवाखानाही, आणि खासदार लोकांना भेटतात ती वेळही. शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पाच-सहा जण रांगेत होते. खासदारांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं, शेजारी बसलेल्या केसवर्करने अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि तारखा टिपून घेतल्या. खासदारांच्या लेटरहेडवर पत्र गेलं आणि तीन आठवड्यांत खात्याचं खरं उत्तर आलं. यासाठी नागरिकत्व लागत नाही, त्या मतदारसंघात राहत असलात की पुरे. फक्त आपल्याच खासदाराकडे जा, दुसऱ्याच्या मतदारसंघात ते लक्ष घालत नाहीत. स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये असाल तर आरोग्य आणि शाळांचे प्रश्न तिथल्या सरकारकडे न्या.

आणि मतदार नोंदणी लगेच करा. भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. कित्येकांना हे वर्षानुवर्षं माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो.

बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, ते एकदा तरी गॅलरीत बसून बघा. मुलांनाही न्या. तिकीट फुकट असतं आणि आपल्या खासदाराच्या कार्यालयाकडेच मागायचं असतं. मागणी खूप असते, तेव्हा आत्ताच नाव देऊन ठेवा.