पक्षाघातानंतर बाबा घरी येणार असतील तर: न पडण्याची तयारी

दवाखान्यातून सुट्टीची तारीख कळली की नातेवाईक आधी गादी, मग चार पायांची काठी आणि मग रात्रीचा माणूस शोधायला लागतात. हे सगळं लागतंच, पण मी घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते, त्यामुळे माझी यादी जरा वेगळ्या टोकापासून सुरू होते. पेशंट चालताना पडतो तसा उठताना, वळताना, संडासला घाईत जाताना आणि मागून कोणी हाक मारली म्हणून मान फिरवतानाही पडतो. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यातल्या त्यात धोक्याचे, कारण वॉर्डात कॉटपासून बाथरूमपर्यंत सरळ रस्ता आणि आधाराला सिस्टर असते, आणि घरी उंबरठे असतात.

म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी फाइल गोळा करतानाच फिजिओथेरपिस्टला काही गोष्टी विचारून घ्या आणि नुसतं न ऐकता समोर करून दाखवायला सांगा. पलंगावरून खुर्चीवर कसं घ्यायचं, काठी कुठल्या हातात (चांगल्या हातात, हे निम्म्या घरांत उलटं झालेलं असतं), घोटा उचलत नसेल तर स्प्लिंट लागणार का. दुबळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, कारण त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो आणि सहज दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि तो धरून दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. पेशंट बहुधा त्याच बाजूला कलतो, आणि पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं तर तेही बहुधा त्याच बाजूचं, कारण कमी वापराने तिथलं हाड विरळ झालेलं असतं. ही रीत मुलगा, सून आणि रात्रीचा माणूस, तिघांनाही येऊ द्या. एकट्या सुनेलाच येत असेल तर ती भाजी आणायला गेली की नेमका प्रसंग येतो.

आता घर. आपल्या बडोद्याच्या घरांत आधी बघायचा तो हिंचका. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत तो दिवाणखान्याच्या मधोमध असतो, आणि बाबांची जागा वर्षानुवर्षं तिथेच असते. पक्षाघातानंतर हलत्या फळीवर बसणं म्हणजे उठताना आसन मागे सरकणार आणि पाय हवेत राहणार. काढून टाका म्हटलं तर घरात भांडण होतं, म्हणून मी म्हणते, कड्या तशाच राहू द्या, फक्त साखळ्या वर अडकवा, आणि त्याच जागी दोन्ही बाजूंना हात असलेली भक्कम लाकडी खुर्ची ठेवा. बैठक साधारण 18 इंचांवर हवी. सोफा त्याहून खाली असतो आणि आत रुतवतो. प्लास्टिकची खुर्ची नको, एका हातावर भार दिला की ती उलटते.

हिंचक्यानंतर चोकडी. भांडी घासायची खालची जागा सतत ओली असते आणि तिची कड दिसत नाही. कडेला भडक रंगाची पट्टी चिकटवा आणि बाबांचा रस्ता तिथून जाणारच नाही असं बघा. कोटा स्टोनवर पोतं मारायची, म्हणजे फरशी पुसायची, वेळ ठरवून घ्या: बाबा जेवून आडवे झाल्यावर. पायपुसणी, सतरंज्या आणि चार्जरच्या वायरी उचला. पलंग असा लावा की उतरताना चांगला हात बाहेरच्या बाजूला येईल. जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल तर दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या. जुन्या वाड्यांत एका बाजूला दोर असतो आणि दुसऱ्या बाजूला भिंत. चढताना चांगल्या हाताला आधार मिळतो आणि उतरताना तोच हात भिंतीकडे येतो, हे कठडा बसवणाऱ्या सुताराच्या लक्षात येत नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.

बाथरूमवर पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्की दांडी हवी. टॉवेलची दांडी चालत नाही, ती माणसाच्या वजनाने उखडते. अंघोळ बसूनच, रबरी टोकांच्या स्टुलावर. आतली कडी काढून टाका आणि दार बाहेर उघडेल असं करून घ्या, कारण आत पडलेला माणूस दारालाच अडून राहतो. रात्री पलंगापासून संडासपर्यंत मिणमिणता दिवा, आणि पलंगाशेजारी युरिन पॉट. काही घरांत लाजेपायी पॉट आणत नाहीत. रात्री दोन वाजता घाईत उठून पडण्यापेक्षा लाज परवडली.

घरात चप्पल न घालण्याचा आपला रिवाज इथे आडवा येतो. मोजे घालून टाइल्सवर चालणं वाईट, आणि पायातून निसटणारी हवाई चप्पल त्याहून वाईट. मागे पट्टा आणि वेल्क्रो असलेली, रबरी तळव्याची नवी कोरी जोडी आणा आणि ती कधीच बाहेर नेऊ नका. मग आजी देवघरापर्यंतही ती चालवून घेतात, असा माझा अनुभव आहे. लुंगी, लांब गाऊन आणि खाली लोळणारा साडीचा काठ घोट्याच्या वर घ्या.

औषधांची चिठ्ठी डॉक्टरांसमोर एकदा याच नजरेने वाचून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येऊ शकते. झोपेच्या गोळ्या, आणि कडकपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिनसारख्या गोळ्या गुंगी आणतात. स्वतःहून बंद काही करायचं नाही, वेळ बदलता येईल का ते विचारायचं. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून एक-दोन मिनिटं घोटे हलवायचे, मगच उभं राहायचं.

व्यायामाबद्दल मात्र माझं आणि बहुतेक घरांचं पटत नाही. पडतील म्हणून बसवून ठेवलं की पायातलं बळ जातं, तोल आणखी बिघडतो, आणि मग उठायची भीतीच बसते. ऑस्ट्रेलियात पक्षाघातातून घरी आलेल्या 370 जणांवर झालेला एक अभ्यास 2025 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रोजच्या कामांत गुंफलेला व्यायाम, घरातले धोके कमी करणं आणि बाहेर फिरण्याचं शिक्षण अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. मला त्यातला गुंफलेला हा भाग फार पटतो, कारण रोज सकाळी अर्धा तास व्यायाम करू असं ठरवलेलं दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं.

म्हणून खुर्चीतून उठणं हाच पहिला व्यायाम धरा. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, दुबळं पाऊल पुढे पसरू द्यायचं नाही, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि दोन्ही पायांवर सारखा भार देत उठायचं. बसताना धपकन नाही, हळू. प्रत्येक चहाच्या आधी पाच वेळा. सुरुवातीला बैठकीवर उशी घालून उंची वाढवा, बळ आलं की उशी काढा. दुसरी जागा स्वयंपाकघराचा ओटा: मागे खुर्ची ठेवून ओट्याला धरून उभं राहायचं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत भार या पायावरून त्या पायावर, मग टाचा उचलणं, मग ओट्याच्या कडेने आडवी पावलं. वळताना एका पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी छोटी पावलं टाकत फिरायचं. हे जमलं की आधार कमी करायचा: दोन हातांवरून एक, एका हातावरून दोन बोटं. किती आणि कधी हे तुमचा फिजिओ ठरवेल. सयाजी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे, खासगी परवडत नसेल तर तिथे दाखवा.

बाबांनाही शिकवायचं असतं, हे विसरलं जातं. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला असेल तर काहींना डावी बाजू जाणवतच नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा खांदा चौकटीला आपटतो. अशांना आपण ठीक आहोत असंच वाटत असतं, म्हणून ते न सांगता उठतात. डाव्या चौकटीवर रंगीत पट्टी लावा, मान डावीकडे वळवून बघायची सवय लावा, आणि 'उठू नका' असं दहादा ओरडण्यापेक्षा 'बाबा, उठायचं झालं की घंटी वाजवा, मी आलेच' असं ठरवून टाका. चालताना बोलायचं नाही, बोलायचं तर थांबायचं. फोन गळ्यातल्या पिशवीत असावा, म्हणजे तो वाजला की धावपळ नाही.

बाहेर नेणं लांबवू नका. कमाटीबागेत गर्दी ओसरल्यावर जा, वाटेत बसायला बाक कुठे आहेत ते आधी बघून ठेवा. रिक्षात चढताना आधी चांगला पाय, उतरताना दुबळा. मांडवीचा बाजार आणि नवरात्रीतली गर्दी पुढच्या वर्षी. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्चीवर नेऊ नका, आणि त्यानंतरही काही दिवस रस्त्यात मांजाचे गुंते पडलेले असतात, ते पायात अडकतात.

इतकं करूनही पडले तर लगेच उचलायचं नाही. दुखतं कुठे, खुबा दुखतो का, डोकं आपटलं का ते बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. तोंड वाकडं, हात गळून पडलेला किंवा बोलणं अडखळणारं दिसलं तर तो दुसरा झटका असू शकतो, 108 ला फोन करा आणि बाबा शेवटचे ठीक कधी दिसले ती वेळ लिहून ठेवा, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दुखापत नसेल तर चांगल्या कुशीवर वळवा, कोपरावर, मग गुडघ्यांवर आणा, समोर खुर्ची ठेवून चांगला पाय पुढे रोवून उठवा. ही पद्धत गादी खाली घालून फिजिओसमोर आधीच करून ठेवा. आणि पलंगाशेजारी एक वही: पडले किंवा पडता पडता वाचले तर जागा, वेळ, काय करत होते आणि त्याआधी कुठली गोळी घेतली होती. पुढच्या ओपीडीला ती वही घेऊन जा.