पेट्रोल गाडीत सीएनजी किट बसवताना: धूर खरंच कमी व्हायचा तर

किट बसवलं म्हणजे गाडी स्वच्छ झाली, हा गैरसमज इंदूरमध्येही भरपूर आहे. जुळणी चुकली तर तीच गाडी पेट्रोलवर असतानापेक्षा जास्त घाण करते. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. म्हणून किटच्या दुकानाआधी नेहमीच्या मेकॅनिककडे जा.

त्याच्याकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरचं माप बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर किटचा विचार तूर्त बाजूला ठेवून इंजिनाचं काम करा. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग नवे टाका. साध्या प्लगचा गॅप, म्हणजे टोकांमधली फट, 1 मिमीच्या आसपास असतो, तो 0.7 ते 0.8 मिमीवर आणा. इरिडियम प्लग असतील तर हाताने वाकवू नका, टोक तुटतं. हे नखरे वाटतील, पण बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. मिथेन पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठा राहिला की ठिणगी चुकते, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं मिथेन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटेलिटिक कन्व्हर्टरलाही मिथेन सहजी जाळता येत नाही.

कूलंटची पातळीही बघा. दाब उतरताना गॅस थंड पडतो, म्हणून रिड्यूसरमध्ये, म्हणजे दाब उतरवणाऱ्या भागात, कूलंट फिरवून त्याला ऊब देतात. कूलंट कमी असेल तर थंडीत रिड्यूसर गोठतो आणि गाडी झटके मारते.

किट सिक्वेन्शियलच घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने वेगळ्या इंजेक्टरमधून गॅस देणारं. जुनं व्हेंचुरी किट स्वस्त पडतं, पण त्यात हवा-गॅसचं मिश्रण आधीच इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, भरलेलं असतं. एक बॅकफायर, आणि एअर फिल्टरचा डबा फुटला. बीएस-6 गाड्यांना 2022 पासून किट बसवायची मुभा आहे, मात्र आपल्या मॉडेलसाठीचं मंजुरीपत्र दुकानदाराकडे मागा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघा.

साठ लिटरच्या टाकीत 200 बार दाबाला प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस मावतो. लोखंडी टाकी स्वतःच साठ किलोच्या घरात असते, म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा बसला. मागच्या स्प्रिंगा थकलेल्या असतील तर आधी बदला. पाइप सायलेन्सरपासून लांबून नेलेला हवा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे दिसतात का, ते स्वतः उभं राहून पाहा.

ट्यूनिंगला घाई करू देऊ नका. इंजिन पूर्ण तापवून आधी पेट्रोलवरचा फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा) नोंदवायचा, मग गॅसवर चालवून तो शक्यतो पाच टक्के इकडे-तिकडे राहील असं लॅपटॉपवर जुळवायचं. मिश्रण पातळ राहिलं तर इंदूरजवळच्या सिमरोलच्या घाटात गाडी दम टाकते. जाड राहिलं तर मायलेज पडतं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पीयूसी चाचणी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर करून आकडे शेजारी ठेवा, म्हणजे पैसे कुठे गेले ते कळेल.

आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी. तारीख उलटली की पंपावर गॅस मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

बायो-सीएनजीसाठी, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून काढलेल्या गॅससाठी, वेगळं किट लागत नाही. इंदूरमधला देवगुराडियाचा असा प्रकल्प 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाला. रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून सुमारे 17,000 किलो गॅस काढण्याची त्याची क्षमता आहे. आयएस 16087 मानकानुसार अशा गॅसमध्ये किमान 90 टक्के मिथेन हवं. पोह्यांच्या गाडीवरची कांद्याची सालं त्यात चालतात, त्यांच्यासोबत आलेली प्लास्टिकची पन्नी मात्र यंत्रात अडकते.

रोजच्या वापरात पेट्रोलची टाकी चतुर्थांश तरी भरलेली ठेवा, कारण आतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. सकाळी पहिला एखादा किलोमीटर पेट्रोलवर काढा. उन्हाळ्यात गॅस पहाटे भरा: तापलेल्या टाकीत दाब लवकर चढतो, काटा 200 दाखवतो आणि गॅस मात्र कमी भरलेला असतो.