स्लॅबचं घर उन्हाळ्यात थंड ठेवायचं तर आधी गच्चीला चुना मारा

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मधे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना माहितीये, रात्री अकराला पण सिलिंगमधून धग येते आणि फॅन नुसती गरम हवा फिरवतो. एसी घ्यायच्या आधी हे करून बघा, खर्च खरंच कमी आहे. पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो, म्हणून स्लॅब कमी तापतो. तेलंगणानं तर २०२३ मधे यासाठी कूल रूफ पॉलिसीच आणली.

मार्चमधेच सुरू करा. गच्ची झाडून घासून धुवा, शेवाळ राहिलं तर चुना पापुद्र्यासारखा निघतो, भेगा सिमेंटनी भरून वाळू द्या. कळीचा चुना लोखंडी ड्रममधे आदल्या दिवशी भिजवायचा, आधी पाणी मग थोडा थोडा चुना, तो अक्षरशः उकळतो म्हणून प्लास्टिकची बादली नको आणि पोरांना लांब ठेवा, हातमोजे-चष्मा घालाच. दुसऱ्या दिवशी जुन्या साडीच्या कापडातून गाळा, थोडं फेविकॉल टाका म्हणजे धरून राहतो.

ऊन उतरल्यावर स्लॅब ओला करून कुंच्यानी पातळ हात द्या, पूर्ण वाळला की दुसरा, आडवा. जाड थर देऊ नका, तडकतो.

गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिले एकदोन पाऊस बाहेर सोडा. आणि पावसात चुना थोडा धुपतोच, दरवर्षी एक हात लागतो.