खुडूक कोंबडी जागेवरून हलवून रवणाला (अंडी उबवायला) कशी बसवायची

आमच्या शिराळ्याकडं गावठी कोंबडी कधी सोयीच्या जागी खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीनं ठाण मांडून, बसल्याचं मी बघितलं नाही, एकतर गव्हाणीत बसंल नाहीतर कडब्याच्या गंजीच्या बेचक्यात. आणि राहू दे तिथंच म्हणलं तर घोळ असा होतो की बाकीच्या कोंबड्या पण रोज त्याच जागी येऊन अंडं घालतात, मग तिच्याखाली आजचं, परवाचं, आठ दिवसांचं सगळं एकत्र, पहिली चार पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन उठती आणि मागची अंडी, आत जिवंत पिल्लू असलेली, गार पडून जातात. जीव तुटतो बघा तेव्हा. वर मांजर, घूस, मुंगूस आणि साप आहेतच. म्हणून हलवायची.

पण आधी ती खरंच खुडूक आहे का बघा. हात घातला की अंग फुगवून कर्रर्र करती, टोचा मारती, पोटाखालची पिसं निघून कातडं गरम लागतं आणि रात्री पण बाकीच्यांबरोबर खुराड्यात न जाता तिथंच बसती, असं सलग दोन-तीन दिवस झालं की खुडूक नक्की. गिरिराज, वनराज असल्या सुधारित जातीच्या कोंबड्यांच्या भरवशावर राहू नका, त्या फारशा खुडूक बसत नाहीत, त्यांची अंडी मात्र गावठीखाली बिनधास्त घाला.

जागा अंधारी, वारा न लागणारी, घरातल्या माणसांची फार ये-जा नसलेली पाहिजे. वेळूची पाटी घ्या, खाली दोन-तीन बोटं माती, मधी हातानं थोडा खळगा, त्यावर भाताचं नाहीतर गव्हाचं काड. मातीत चुलीची राख आणि कडुलिंबाचा वाळका पाला मिसळा कारण २१ दिवस एका जागी बसल्यावर उवा-पिसवा लई होतात आणि त्यांच्या त्रासानंच कोंबडी रवण सोडून उठती. उसाचं पाचट आपल्याकडं फुकट मिळतं पण ओलसर असलं तर बुरशी धरतं, वाळकं खणखणीत असंल तरच वापरा.

आता मुख्य गोष्ट, दिवसा अजिबात हलवायची नाही. मी दोन वर्षांमागं दुपारी चार वाजता हलवली, खाली चांगली ११ अंडी घातली, आणि ती संध्याकाळी उठून परत गव्हाणीत जाऊन रिकाम्या जागेवर रात्रभर बसली, इकडं अंडी गार. तेव्हापासून रात्रीच. अंधार पडून तासभर झाला की मोबाईलचा उजेड तळहातानं झाकून जायचं, एक हात छातीखाली घालून पाय धरायचे, दुसऱ्या हातानं पंख दाबून घ्यायचे, पंखात अंडं अडकलंय का ते आधी चाचपायचं नाहीतर उचलताना पडून फुटतं. नव्या पाटीत खरी अंडी ठेवू नका. दुकानातली पोल्ट्रीची तीन-चार पांढरी अंडी ठेवा, कोंबडी काठावर सोडा, छातीला अंडी लागली की ती आपणच सरकून बसती. वरनं डालगं (कोंबड्या झाकायची वेळूची टोपली) पालथं घाला, त्यावर पोतं टाका, हवा मात्र जाऊ दे. दुसरा दिवस तसंच झाकून ठेवा, संध्याकाळी तेवढं खोलीचं दार लावून दाणा-पाण्याला सोडा. आपणच परत येऊन पाटीत बसली तर जिंकलात, त्याच रात्री पोल्ट्रीची काढून खरी अंडी घाला, सगळी एकदम, म्हणजे सगळी पिल्लं एकदम निघतील.

अंडी ७ दिवसांच्या आतली, कळपात कोंबडा असलेली, न धुतलेली. फ्रीजमधली नको. साठवताना निमुळतं टोक खाली, घरातल्या गार कोपऱ्यात. गावठीखाली १० ते १२ बास झाली, जास्त घातली की रोज कुठलंतरी अंडं बाहेर राहतं, ती फिरवाफिरवी करती त्यामुळं आज हे गार उद्या ते, आणि सगळ्याच रवणाचा नास होतो. पेन्सिलीनं खूण करा आणि कालनिर्णयवर तारखेला गोल.

रोज एकदा १५-२० मिनिटं उठली पाहिजे, ज्वारी-मका आणि पाणी द्या, मोठी घाण वासाची शिट टाकती ती नॉर्मल आहे. दोन दिवस उठलीच नाही तर उचलून बाहेर सोडा. सातव्या रात्री अंड्यामागं टॉर्च धरून बघा, कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत, एकदम आरपार स्वच्छ दिसलं तर वांझ, ते काढा. फुटलेलं, वास मारणारं अंडं दिसलं की लगेच बाहेर.

१८ व्या दिवसानंतर हात लावायचा नाही. उन्हाळ्यात हवा लईच कोरडी असली तर पाटीभोवतीच्या जमिनीवर तेवढं पाणी शिंपडा. अंड्याला टोचा दिसल्यावर पिल्लू बाहेर यायला रात्र पण जाती, काहींना दिवस लागतो, तेव्हा कवच सोलायला जाऊ नका, आतल्या शिरा अजून रक्तानं भरलेल्या असतात, मदत म्हणून सोललं की रक्त जाऊन पिल्लू मरतं. त्याच्या पोटात बलक शिल्लक असतो, पहिला दिवस खायला नसलं तरी चालतं. सगळी वाळून फुललेली दिसली की कवचं काढा, बारीक कणी नाहीतर चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, पाणी उथळ ताटलीत आणि त्यात चार खडे टाका म्हणजे बुडत नाहीत.

पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. ती बाटली निदान शंभर पिल्लांची असती आणि कालवली की दोन तासात संपवावी लागती, बर्फावर ठेवून, त्यामुळं गल्लीतल्या दोन-चार घरांना आधीच सांगून ठेवा, एकाच दिवशी सगळ्यांची पिल्लं उरकून घ्या.