इंदूरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होताना: पहिले ९० दिवस

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस किंवा इन्फोसिसमध्ये लागलात, तर लॅपटॉप, आयडी, ट्रेनिंग सगळं आयतं मिळतं. विजयनगरमध्ये एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बारा-पंधरा जणांची कंपनी चालते, तिथे शिकवायला कुणी रिकामं नसतं. सर्व्हरचे पासवर्ड, कुठल्या क्लायंटला काय खपत नाही, कुठलं बिल थकलंय, हे सगळं एक-दोघांच्या डोक्यात असतं. ते कागदावर आणणं हे तुमचं पहिल्या ९० दिवसांतलं सर्वात मोलाचं काम. कोड लिहिणं त्याच्या ओघात होतंच.

सही करण्याआधी

मालक वडिलांच्या ओळखीतले, गणपतीला घरी येणारे काका असले तरी ऑफर लेटर मेलवरच मागा. संकोच होतो, पण एकदाच. तोंडी आकड्यावर जुनी नोकरी सोडू नका.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) नव्हे, हातात किती येणार ते विचारा. पीएफ २० किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला सक्तीचा आहे, म्हणजे १२ जणांच्या कंपनीत तो नसला तर त्यात गैर काही नाही. जिथे असतो तिथे १२ टक्के तुमचे, १२ टक्के कंपनीचे. कंपनीचा वाटा बहुधा सीटीसीतच धरलेला असतो, तो वजा करून हिशेब मांडा. मध्य प्रदेशात वृत्तिकरही (प्रोफेशनल टॅक्स) कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये.

पत्रात ‘कन्सल्टंट’ हा शब्द दिसला तर थांबा. मग दर महिन्याला बहुधा १० टक्के टीडीएस कापला जातो आणि कागदोपत्री तुम्ही नोकरदार राहत नाही. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. गृहकर्जाला बँक सॅलरी स्लिप मागते तेव्हा दाखवायला काही नसतं.

बॉण्डचं, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचं सांगायचं तर, मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचं नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. मात्र ठरावीक मुदतीआधी सोडल्यास अमुक रक्कम भरायची, ही अट टिकू शकते. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा असा बॉण्ड वैध ठरवला. म्हणून आकडा आणि मुदत दोन्ही नीट वाचून मगच सही करा.

पहिला आठवडा

प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर चालवून दाखवा. रीडमी (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) असतो, पण जुना. नोडचं (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन वेगळं निघतं, सेटिंगची फाइल कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर सापडते. जिथे जिथे अडलात ते त्याच दिवशी रीडमीत लिहा, कारण पंधरा दिवसांनी तुम्हालाही ते उघड वाटायला लागतं आणि पुढचा माणूस पुन्हा तिथेच अडतो.

एखादी गुप्त की (पासवर्डसारखी) गिटमध्ये, म्हणजे कोडचे सगळे बदल जपणाऱ्या साठ्यात, गेलेली दिसली, तर फाइल काढून नवा कमिट (बदलाची नोंद) केल्याने काही साधत नाही. जुन्या इतिहासात ती तशीच राहते. की रद्द करून नवीनच काढावी लागते.

खात्यांचा तक्ता

डोमेन, होस्टिंग, एसएमएस, पेमेंट गेटवे, प्ले स्टोअर: प्रत्येकापुढे चार रकाने आखा. खातं कुणाच्या ईमेलवर, ओटीपी कुठल्या नंबरवर, मुदत कधी संपते, पैसे कुठल्या कार्डातून. दुसरा रकाना भरतानाच बहुतेक कंपन्यांना कळतं की ओटीपी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनवर जातो. तो माणूस फोन उचलतो तोवरच नंबर बदलून घ्या.

वेबसाइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, पण पडताळणी पोर्ट ८० वरून (सर्व्हरच्या साध्या वेब-वाटेवरून) होत असेल आणि कुणी सुरक्षेच्या नावाखाली ते पोर्ट बंद केलं असेल, तर नूतनीकरण गुपचूप फसतं. एक दिवस क्लायंटच्या ब्राउझरवर लाल इशारा झळकतो. १५ दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

बॅकअप परत चढवून पाहा

‘बॅकअप रोज होतो’ यावर विसंबू नका. कालची फाइल घ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा, मुख्य तक्त्यातल्या ओळी मोजा, शेवटच्या नोंदीची तारीख पाहा आणि किती मिनिटं लागली ते लिहा. दोन दोष हमखास निघतात. एक, डिस्क भरल्यामुळे कित्येक दिवस शून्य आकाराच्या फाइली बनत असतात. दुसरा, बॅकअप त्याच सर्व्हरवर पडलेला असतो, म्हणजे सर्व्हर गेला की तोही गेला.

वेळाही तपासा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ‘रात्री २’ म्हणून लावलेलं जड काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतं आणि ऑफिस उघडेपर्यंत रेंगाळतं.

क्लायंटचं घड्याळ, इंदूरचं पंचांग

न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ बदलतं आणि सातची मीटिंग चुकते. २०२६ मध्ये तर मार्चमधला तो रविवार रंगपंचमीलाच आला, ८ तारखेला. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याच्या बाजूने कुणी वेळेवर पोहोचत नाही, अनंत चतुर्दशीला झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) रात्रभर चालतात. अमेरिकेतल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच या तारखा कळवा आणि आदल्या दिवशी काही लाइव्ह करू नका.

पगार लांबला तर

एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त पैसा येत असेल, तर त्याचं बिल अडलं की पगार अडतो. हे मालकाला रुजू होतानाच सरळ विचारा, चांगला मालक सांगतो. पाच-सात दिवसांचा उशीर आणि आधी दिलेली कल्पना, हे चालून जातं. पण पीएफ कापला आणि भरला नाही, हे चालवून घ्यायचं नाही. कंपनीला तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. पासबुकात नोंद थोडी उशिरा दिसते, म्हणून दर महिन्याच्या शेवटी पाहा. सलग दोन महिने कोरे दिसले तर मेलवर विचारा. उत्तर आलं नाही तर सॅलरी स्लिप जोडून ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफ क्रमांक) टाकून तक्रार करा.