ग्रुप उघडण्याआधी चार ओळी

२०१५ साली मी रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायचं काम घेतलं. ट्रक भरला की काट्याची पावती, दांड्याची घट वजा, त्या दिवसाचा भाव आणि दिवाळीला प्रत्येक शेतकऱ्याचा वर्षाचा उतारा, एवढंच त्याला हवं होतं. "भाऊ, माले पावती पाह्यजे, बाकी तुमचं तुम्ही पाहा." संपली रिक्वायरमेंट.

हे काम कोष्टकांचं. शेतकरी एका कोष्टकात, भाव दुसऱ्यात, ट्रक तिसऱ्यात. पण त्या काळात मी प्रोग्रॅमर लोकांच्या ज्या ग्रुपांवर रात्री दीड वाजेपर्यंत पडीक असायचो, तिथे कोष्टकं म्हणजे म्हाताऱ्यांचा धंदा झाला होता. 'अजून तेच वापरतोस?' एवढं कुणी विचारलं की कान गरम व्हायचे. म्हणून मी तेव्हा गाजत असलेला, कोष्टकं नसलेला डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायचं साधन, घेतला. प्रत्येक ट्रक म्हणजे एक सुटा कागद, त्यातच शेतकऱ्याचं नाव, त्यातच भाव. दिसायला छान.

दिवाळीला उतारे काढायला बसलो. एकच शेतकरी तीन जागी निघाला: एकदा नुसतं आडनाव, एकदा आडनाव आणि नाव, एकदा बापाच्या नावासकट. संध्याकाळी भाव पंचवीस रुपयांनी बदलला, तर तो काही कागदांवर बदललेला, काहींवर सकाळचाच. तीन रात्री मी आणि व्यापाऱ्याचा मुनीम लाल बाइंडिंगच्या चोपड्या मांडीवर घेऊन नावं जुळवत बसलो. मुनीम एक शब्द बोलला नाही, फक्त दर अर्ध्या तासाला चहा मागवायचा. त्या डेटाबेसची चूक नव्हती. तो वेगळ्या कामासाठी केलेला होता आणि तिथे चांगला चालतो. चूक अशी की ती निवड मी केलीच नव्हती. ग्रुपने केली होती आणि मला वाटत होतं की मी केली.

जळगावात माझा एक गाळा आहे, त्यात दोन खुर्च्या आणि एक इन्व्हर्टर. जिनिंग, पतसंस्था, केळीवाले यांची सॉफ्टवेअरं लिहितो. टेलिग्रामवर खान्देशातल्या प्रोग्रॅमर पोरांचा एक ग्रुप आहे, त्याचा मी एक अ‍ॅडमिन. रोज कुणीतरी नवीन पोरगा येतो, विचारतो, "सर, कुठली भाषा शिकू?" आणि दहा मिनिटांत तिथे दोन सैन्यं उभी. पुढचं त्या पोरांसाठी लिहितोय. ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही, मी अर्धं काम तिथेच शिकलो. पण तिथे राहायचं कसं, ते सांगतो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे ग्रुप उघडण्याआधी वहीत चार ओळी लिहायच्या. मोबाइलवर नको, मोबाइल हातात घेतला की बोट आपोआप ग्रुपवर जातं. काम काय आहे ते एक. मी काय निवडलं ते दोन. का, ते तीन. आणि काय झालं तर मी मत बदलेन, ते चार. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो, धरणगावकडच्या एका जिनिंगची. त्यातले एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे दोन्ही कोष्टकांचे डेटाबेस, पहिला एका फायलीत मावणारा, दुसरा सर्व्हरवर चालणारा:

"कापसाची आवक, सीझनला दिवसाला दीडशे-दोनशे गाड्या. काटा एक, कॉम्प्युटर एक, लिहिणारा एक. लाइट दुपारी जाते. निवड: एसक्यूलाइट. का: सगळा डेटा एका फायलीत, मालकाचा पोरगा रोज पेनड्राइव्हवर कॉपी घेऊ शकतो, सर्व्हर सांभाळायला माणूस नाही. बदलेन: दुसरं खरेदी केंद्र सुरू झालं आणि दोन गावांहून एकाच वेळी लिहायची पाळी आली तर पोस्टग्रेस."

हे लिहिल्यावर मग ग्रुपवर विचारलं. पहिलं उत्तर: "एसक्यूलाइट? ते खेळणं आहे." त्याला सतरा अंगठे. २०१५ मध्ये मी इथेच गळपटलो असतो. आता वही शेजारी उघडी होती. लिहिणारा एकच आहे, या गोष्टीवर सतरांपैकी एकाने तरी काही म्हटलंय का? नाही. आणि हे 'खेळणं' प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये बसलेलं आहे. म्हणजे ते सतरा जण ज्यावरून अंगठा देत होते, त्याच्या आतही तेच.

चौथी ओळ टाळायचा मोह फार होतो. ती टाळू नका. ज्या मताला चौथी ओळ सुचत नाही, ते मत नसून टोळीची टोपी आहे असं समजा. मी स्वतः पोस्टग्रेसवाला आहे, आणि कधीकधी माझीही चौथी ओळ कोरी राहते. तेव्हा मी तो दिवस ग्रुपवर गप्प बसतो.

आता ते अंगठे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या साइटवर लोकांनी लिहिलेल्या एक लाखावर मतांपैकी काहींना संशोधकांनी येताक्षणीच, आंधळेपणाने, एक खोटी पसंती चिकटवली. तेवढ्यावर पुढच्या माणसाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुण सरासरी २५ टक्क्यांनी वर गेला. एक खोटा अंगठा, बास. गंमत म्हणजे खोटी नापसंती चिकटवली तर लोक ती भरून काढत. म्हणजे आपण वाईटाला संशयाने बघतो आणि चांगल्याच्या मागे मेंढरासारखे जातो. म्हणून एखाद्या प्रश्नावर चाळीस उत्तरं आली असतील तर मी आधी एकही अंगठा नसलेलं उत्तर वाचतो. ग्रुपात आम्ही अ‍ॅडमिन लोकांनी रिअ‍ॅक्शन बंदच करून टाकल्यात. पहिल्या आठवड्यात पोरं नाराज झाली, नंतर उत्तरं लांब व्हायला लागली. मतदान घ्यायचं तर टेलिग्रामचा निनावी पोल ठेवतो. आपलं मत दिल्याशिवाय आकडे दिसत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

टोळी बनायला कारण लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. हेन्री ताजफेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेलं काम १९७१ साली प्रसिद्ध झालं. मुलांना सांगितलं की तुम्हाला क्लेची चित्रं आवडतात, तुम्हाला कांदिन्स्कीची. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच केलेली होती. मग पैसे वाटायला दिले. पोरांनी आपल्या गटाला जास्त दिले, इथवर समजू शकतो. पण दुसऱ्या गटापेक्षा पुढे राहायला मिळतंय म्हणून आपल्याच गटाला एकूण कमी मिळालं तरी त्यांना चाललं! ज्या चित्रकारांचं नावही कालपर्यंत माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी हे. मग दोन वर्षं घाम गाळून शिकलेल्या भाषेसाठी आपण काय करणार नाही?

आपल्याकडे याचा दाखला शोधायला ब्रिस्टलला जायची गरज नाही. भरीताची वांगी बामणोदची की आसोद्याची, यावर सोयरिकी मोडायच्या बाकी राहिल्यात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ग्रुपातले आम्ही अकरा जण फैजपूरकडे एकाच्या मळ्यात जमलो. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, सगळं एका हाताने घातलेलं. फरक फक्त वांग्यांचा, दोन्ही गावांची. पातेल्यांवर खडूने 'अ' आणि 'ब' लिहिलं आणि ज्याने शिजवलं त्याला मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं. कळण्याच्या पुऱ्यांबरोबर सगळ्यांनी दोन्ही खाल्लं. अकरांतल्या चौघांनी बरोबर ओळखलं. सगळ्यात मोठ्या आवाजात भांडणारा बामणोदवाला आसोद्याच्या पातेल्यावर तीनदा हात मारून आला होता. कळल्यावर म्हणाला, "त्याच्यात मीठ बरोबर होतं."

तेव्हापासून मी ग्रुपवर तुलना टाकताना नावं काढून टाकतो. तुम्हीही हे करा, याला खर्च काही नाही. समजा दोन फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअर बांधायचे तयार सांगाडे, तपासल्या. "अ ला हे काम करायला ४० सेकंद, ब ला ५५. अ दुप्पट मेमरी खातं. ब चा कोड नवीन पोराला दोन दिवसांत वाचता आला, अ चा आठवडाभरात. ग्राहकाचं मशीन चार जीबीचं. काय घ्याल?" असं लिहिलं की माणसं एकदम शहाणी होतात. मेमरीचं विचारतात, त्या नवीन पोराचं विचारतात. संध्याकाळी नावं सांगायची. ज्यांनी 'त्यांच्या' वस्तूला मत दिलेलं असतं त्यांचे चेहरे दिसत नाहीत, पण 'टायपिंग…' असं येऊन बंद पडतं, ते दिसतं.

सगळे एका बाजूला असताना वेगळं बोलायचं कसं, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे तो जास्त अवघड, कारण ग्रुपात 'सर' असतात. सर बोलले की शेवट. सॉलोमन अ‍ॅशचा १९५१ चा प्रयोग पुष्कळांनी ऐकलेला असेल: रेघांच्या लांबीचा साधा प्रश्न, खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देणारे, आणि खऱ्या उमेदवारांपैकी चारातले तीन निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग मला जास्त उपयोगी वाटतो. त्या खोलीत एक जण जरी वेगळं बोलला तर मागे जाणं एकदम घटलं. तो वेगळा माणूस स्वतः चुकीचं सांगत असला तरी घटलं. म्हणजे तुमचं उत्तर बरोबरच असलं पाहिजे अशी अट नाही. तुम्ही बोलल्याने तिसऱ्याची जीभ सुटते.

बोलण्याची रीत मात्र सांभाळा. शिरपूरची एक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी आमच्या ग्रुपात आहे. एका सरांनी ठोकून दिलं होतं की अमुक लायब्ररी (तयार कोडचा संच) मोठ्या फायलींवर कोसळतेच. तिने लिहिलं, "सर, माझ्याकडे वेगळं झालं. दोन जीबीची फाइल, हा कोड, हा स्क्रीनशॉट. माझं काही चुकतंय का बघाल?" पाच मिनिटं शांतता. मग एक जण, "माझ्याकडेही चालते." मग आणखी दोघं. सरांनीही शेवटी, जुन्या आवृत्तीत कोसळत होती, असं कबूल केलं. 'तुम्ही चुकताय' हे वाक्य तिने वापरलंच नाही. 'माझ्याकडे वेगळं झालं' या वाक्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही, फक्त तपासू शकतं.

आणि तोंडातून जास्त गेलंच तर लगेच मागे घ्या. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉमने लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य आहे असं जाहीर लिहिलं. लिनक्स लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकणारा पोरगा, टॅनेनबॉमच्याच मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हात बसवलेला. तो तापून उत्तर देऊन बसला. पण मग त्याने आपल्या भाषेबद्दल जाहीर माफीही मागितली. मुद्दा सोडला नाही, फक्त सूर खाली आणला. त्या वादात कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, रचनेबद्दल दोघांनी जे लिहिलं, ते आजही शिकण्यासारखं आहे.

काही भांडणांना मात्र यातलं काहीच लावू नका. व्हीआय आणि ईमॅक्स, कोड लिहायचे दोन एडिटर, दोन्ही १९७६ चे, त्यांचं भांडण अजून चालू आहे. ते करमणुकीसाठी असतं, चहा घेत बघायचं. कोडची ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस, तेच.

उलट बाजूनेही सांभाळा. मी या सगळ्याच्या नादात मध्यंतरी असा झालो की ग्रुप पूर्व म्हणाला की मी पश्चिम. तीही टोळीच, एका माणसाची. बॅकअप घ्या, अपडेट टाळू नका, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका, हे सगळे एका सुरात सांगतात कारण ते खरं आहे. मी एका पतसंस्थेचं अपडेट 'सगळे घाई करतात' म्हणून तीन आठवडे लांबवलं होतं. काही झालं नाही, पण ते माझ्या अकलेने नाही, नशिबाने.

जिनिंगचं सांगायचं राहिलं. गेल्या सीझनला मालकाने पारोळ्याच्या बाजूला दुसरं खरेदी केंद्र काढलं. मला फोन आला, "आता दोन्हीकडून नोंद पाह्यजे." एका रविवारी बसून सगळा डेटा पोस्टग्रेसवर नेला, सकाळी नऊला सुरू केलं, संध्याकाळी दोन्हीकडच्या गाड्यांची बेरीज जुळली. ग्रुपवर सांगितलं तर पहिल्या 'खेळणं'वाल्याचं उत्तर आलं, "बघ, सांगितलं होतं ना!" मी वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून टाकला, वर तारीख आणि चौथी ओळ स्पष्ट दिसेल असा. त्याने विचारलं, "ही वही कुठल्या दुकानातून घेतली?"